जिप्सीच्या पोटात टर्बो

जिप्सीवाल्याचा दोन ठिकाणी हमखास अपमान होतो. एक, आंबा घाटात मागून आलेला भरलेला टेम्पो हॉर्न देत पुढे निघून जातो तेव्हा. दुसरा, पेट्रोल पंपावर. हे दोन अपमान पचले नाहीत की माणूस गॅरेजमध्ये येतो आणि बॉनेटवर हात ठेवून विचारतो, "स्विफ्टचं डिझेल इंजिन बसेल का हो हिला?"

बसतं. वेल्डिंग मशीन आणि चिकाटी असेल तर जिप्सीत काहीही बसतं. मी स्वतः अशा दोन गाड्यांवर काम केलंय. पहिली आम्ही हौसेने केली आणि दीड वर्ष निस्तरत बसलो. दुसरी कागदावर गणित मांडून केली, ती अजून पळते. खाली जे लिहितोय ते बहुतेक पहिल्या गाडीने शिकवलेलं आहे.

जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं, पंचेचाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. १९९६ ला जिप्सी किंगबरोबर १.३ लिटरचं आलं आणि २००० साली त्याला सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय मिळालं. बाजारात आज ज्या बऱ्या अवस्थेतल्या जिप्स्या दिसतात त्यांच्यात बहुतेक हेच जी१३बीबी इंजिन असतं : १२९८ सीसी, ८० हॉर्सपॉवर, १०३ न्यूटन मीटर टॉर्क. साधारण टनभर वजनाच्या गाडीला हे आकडे वाईट नाहीत. अडचण अशी की ती पॉवर ६००० आरपीएमला मिळते आणि टॉर्क ४५०० ला. म्हणजे जोर हवा असेल तर इंजिनाला ओरडायला लावायचं. जे ओरडतं ते पितंही.

आधी आरसी बुक काढा

पान्याला हात लावण्याआधी हे वाचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. खराब झालेलं इंजिन काढून त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येतं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किटची वेगळी वाट आहे. पण पेट्रोल जिप्सीत दुसऱ्या कंपनीचं जुनं टर्बो डिझेल इंजिन बसवणं यातल्या कशातच मोडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरता येईल, विम्याचं काय कराल? अपघात झाला, समोरचा माणूस जखमी झाला आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर ताडून पाहिला, तर भरपाई आयुष्यभर फेडावी लागू शकते.

"आपला माणूस आहे, पासिंग करून देतो" असं सांगणारा एजंट प्रत्येक शहरात असतो. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्यामुळे हा लेख सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या जिप्सीसाठी नाही. ज्यांची जिप्सी स्पर्धेची आहे, शेतावरची किंवा खाजगी जागेतली आहे आणि जी ट्रेलरवर किंवा ट्रकमध्ये घालून नेली जाते, त्यांच्यासाठी आहे. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेन फॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरते. तिथल्या चिखलात उतरलेल्या गाड्या एकदा जवळून पाहून या. स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांचं नियमपुस्तक इंजिन घेण्याआधी वाचायचं, नंतर नाही.

रोज ऑफिसला जायची जिप्सी असेल तर काय? आहे त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासा, क्लच आणि इंजेक्टर नीट करा, टायर मूळ मापाचे ठेवा. मोठे टायर टाकून "पिकअप गेला" म्हणून येणाऱ्या गाड्या मी इतक्या पाहिल्यात की त्यातल्या निम्म्यांचा टर्बो म्हणजे नुसते जुने टायर परत चढवणं होतं.

जोर कमी कुठे पडतो?

आता गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

जिप्सीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर साधारण ३.६५, ट्रान्सफर केसची लो रेंज २.२७ आणि एक्सल ३.९ च्या आसपास. (क्राऊन-पिनियनचे दात मोजून आपल्या गाडीचा खरा आकडा काढा.) तिन्हींचा गुणाकार ३२ होतो. इंजिनाचे १०३ गुणिले ३२ म्हणजे चाकांपाशी सुमारे ३३०० न्यूटन मीटर, थोडी घट धरली नाही तर. आता दुसरी बाजू पाहा. दोन माणसं आणि सामानासकट गाडी १२०० किलोची धरा, टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर आणि कोरड्या जमिनीवरची पकड ०.८. चारही टायर घसरायला लागायला साधारण ३१०० न्यूटन मीटर पुरतात. ओल्या चिखलात तर त्याच्या निम्म्यातच चाकं गरगरतात.

याचा अर्थ असा की लो रेंजच्या पहिल्या गिअरला जिप्सीचं जुनं इंजिनसुद्धा चाकं घसरवण्याइतका जोर देतं. तिथे कमी पडते ती टायरची पकड. म्हणून एका चाकाला हवेत उचलून तिथेच अडकून बसणाऱ्या गाडीला टर्बो नको, डिफरन्शियलचा लॉकर हवा. त्याचा खर्च इंजिनाच्या मानाने किरकोळ आहे.

मग टर्बोचा उपयोग कुठे? हाय रेंजमध्ये. लांबलचक चिखलाच्या पट्ट्यात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला वेग टिकवताना, वाळूत, चढाच्या पायथ्यापासून घेतलेल्या धावेत. आणि उंचीवर. लडाखमध्ये पाच हजार मीटरवरच्या खिंडीत हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर उरते. तिथे साध्या इंजिनाचा दम तेवढाच कमी होतो, टर्बो ती कसर बरीच भरून काढतो.

याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. लहान टर्बो डिझेल खालच्या आरपीएमला झोपलेलं असतं. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं डीडीआयएस २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर देतं, पण १५०० ला ते जवळजवळ टर्बो नसलेलं सव्वा लिटरचं डिझेल असतं. दगडांवरून इंच-इंच चढताना तुम्ही नेमके तिथेच असता. क्लच सोडला की बंद पडतं, जास्त रेस दिली की टर्बो जागा होतो आणि गाडी उडी मारते. आमची पहिली गाडी अशीच होती. सपाट चिखलात वाघ, खडकावर शेळी.

दाता कोण?

म्हणून इंजिनाचा दाता निवडताना "किती हॉर्सपॉवर" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा. टॉर्क किती खाली सुरू होतो? आणि इंजिन मूळ गाडीत उभं होतं की आडवं?

जिप्सीत इंजिन उभं असतं, म्हणजे लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंतो, डस्टर, सनी या सगळ्या गाड्यांत ते आडवं असतं आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकत्र असतात. त्यांचा गिअरबॉक्स जिप्सीत निरुपयोगी. म्हणजे आडव्या इंजिनाला जिप्सीचाच गिअरबॉक्स जोडायचा. त्यासाठी मधली प्लेट, वेगळं फ्लायव्हील, सेल्फची नवी जागा, फायरवॉलवर आदळणारा पाण्याचा पाइप आणि नेमका स्टिअरिंगच्या दांड्यावर येणारा टर्बो अशी सगळी लग्नाची वरात मागोमाग येते. शिवाय तो गिअरबॉक्स मुळात १०३ न्यूटन मीटरसाठी केलेला. त्यातून रोज १९० न्यायचे.

तरी लोक स्विफ्टमधलं हे १.३ मल्टिजेटच का घेतात? कारण ते कुठेही मिळतं. मारुती, टाटा, फियाट सगळ्यांनी ते वापरलं. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात, मिस्त्रीला तोंडपाठ असतं. हा मोठा गुण आहे आणि मी तो कमी लेखत नाही.

माझं मत मात्र महिंद्राच्या दीड लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाकडे झुकतं. टीयूव्ही ३०० मधलं एमहॉक ८० : १४९३ सीसी, ८४ हॉर्सपॉवर आणि २३० न्यूटन मीटर, तेही १५०० आरपीएमपासून. बोलेरो पॉवर प्लसमध्ये त्याचाच सौम्य भाऊ आहे, १९५ न्यूटन मीटरचा. या गाड्यांत इंजिन उभं आहे, मागे स्वतःचा पाच गिअरचा बॉक्स आहे आणि तीनच सिलिंडर असल्याने लांबी कमी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो मागे वेगळा टांगलेला आहे आणि मधे एक आखूड शाफ्ट आहे. त्यामुळे दात्याचं इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससकट बसवायचं आणि फक्त तो मधला शाफ्ट नव्या मापाचा करून घ्यायचा. प्लेटची भानगड नाही. सुझुकीच्या त्या जुन्या रचनेचा हा केवढा फायदा आहे हे पहिली गाडी करताना आम्हाला कळलंच नव्हतं.

"पण सुझुकीचंच टर्बो नाही का?" असं कोणीतरी विचारतोच. आहे. जपानमधल्या जिम्नीत ६६० सीसीचं टर्बो पेट्रोल येतं, ६४ हॉर्सपॉवरचं. युरोपात सुझुकीने जिम्नीमध्ये रेनोचं १.५ लिटरचं टर्बो डिझेल उभं बसवून विकलं. ही इंजिनं इथे आणणं परवडणारं नाही. आपल्याकडे बलेनो आरएस आणि फ्राँक्समधलं एक लिटरचं बूस्टरजेट आहे. हलकं आहे, पेट्रोल असल्याने टाकीला हात लावावा लागत नाही, पण तेही आडवं आणि त्याचा कॉम्प्युटर जास्त नखरेल. पुण्या-मुंबईत ट्यूनिंग करणारा ओळखीचा असेल तरच त्या वाटेला जा.

नुसतं इंजिन घेऊ नका. टोटल लॉस झालेली अख्खी गाडी घ्या, मागून किंवा बाजूने ठोकलेली, जी अजून चालू होते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात इंजिन स्वस्त दिसतं, कारण त्याच्या वायरी कापलेल्या असतात. तुम्हाला ईसीयू हवा, त्याच्याशी जुळलेली चावी आणि इमोबिलायझर हवा, वायरिंग फ्यूजबॉक्ससकट हवं, ॲक्सिलरेटरचं पेडल हवं (त्याला केबल नसते, सेन्सर असतो), मीटर हवं, डिझेल फिल्टर, इंटरकूलर, त्याचे पाइप, सगळं हवं. यातला एकेक तुकडा पुढे वेगळा विकत घेताना अख्ख्या गाडीची किंमत निघून जाते. बिलावर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहून घ्या. चोरीच्या इंजिनाचे शोध गॅरेजच्या दारापर्यंत येतात.

तपासताना इंजिन गरम होऊ द्या, तेल भरायचं झाकण उघडा. धूर नुसता तरंगत असेल तर ठीक, भकाभका ढकलत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, सोडून द्या. मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढा आणि पंखा बोटाने हलवा. आजूबाजूला किंचित हलला तर चालतो. पुढे-मागे हलला तर टर्बो संपलेला आहे.

बसवताना

जिप्सीचं जुनं इंजिन काढण्याआधी फोटो आणि मापं घ्या. फॅनपासून रेडिएटरचं अंतर, तेलाच्या चेंबरच्या तळापासून एक्सलचं अंतर, मधल्या शाफ्टचा कोन. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, तेवढं पुरतं.

नवं इंजिन आधी नुसतं टांगा. साखळीच्या घोडीवर लोंबकळत ठेवून इकडे-तिकडे सरकवत दोन दिवस गेले तरी चालेल. फाउंडेशनचे ब्रॅकेट लगेच पक्के वेल्ड करू नका, टाका मारून ठेवा. चेसिसच्या मुख्य पट्ट्या कापायच्या नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते चेंबर आणि पुढचा एक्सल यांच्यात. रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनाखाली असा एक्सल नसतो, तिथे चाकं स्वतंत्र असतात. जिप्सीचा पुढचा एक्सल म्हणजे पाट्यांवर बसलेला अखंड दांडा, आणि खड्ड्यात तो चांगला हात-दीड हात नाही तरी वीतभर वर येतो. गाडी उभी असताना मोकळी दिसणारी जागा धक्क्यात गायब होते. यासाठी आमच्या मिस्त्रींनी एक युक्ती केली, ती मी अजून वापरतो. मी घरून घट्ट मळलेल्या कणकेचा मुटकुळा आणला, एक्सलच्या हाउसिंगवर चेंबरच्या बरोबर खाली बसवला, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, आणि गाडी शेताच्या बांधावरून जोरात उतरवली. खाली आल्यावर कणकेची पोळी झालेली. पट्टीने जाडी मोजली, नऊ मिलिमीटर. म्हणजे इंजिन अजून निदान एक इंच वर घ्यायला हवं होतं, किंवा चेंबर कापून नवा करायला हवा होता. त्या पहिल्या गाडीत आम्ही "नऊ मिलिमीटर खूप झालं" म्हणून सोडून दिलं. पाटे बसल्यावर, तीन महिन्यांनी, चेंबरला एक्सलच्या बोल्टने भोक पाडलं. बायकोने विचारलं होतं कणीक कशाला नेतोय म्हणून. पुढच्या वेळी तिने दोन मुटकुळे दिले.

चेंबर बदलताना तेलाच्या पिकअपची जागा लक्षात ठेवा. उभ्या चढावर तेल मागे जातं. पिकअप पुढे असेल तर पंप हवा ओढतो, आणि टर्बोचं बेअरिंग तेलाशिवाय काही सेकंदांतच कामातून जातं. गाडी बसवून झाल्यावर पुढची चाकं रॅम्पवर चढवून तीस अंशांत इंजिन चालू ठेवा आणि तेलाच्या दाबाचा काटा बघा. डाव्या-उजव्या बाजूलाही तिरपं करून बघा. दिवा नको, काट्याचं मीटर लावा. दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

टर्बोतून तेल परत खाली जाणारा पाइप हा दुसरा सापळा. वर जाणारं तेल दाबाने जातं, परत येणारं केवळ उतारामुळे. तो पाइप जाड हवा, सरळ हवा, कुठेही आडवा किंवा वर गेलेला नको, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. इंजिन थोडं फिरवून बसवलं आणि हा पाइप वाकला, तर तेल टर्बोत तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरतं आणि निळा धूर येतो. मग माणसं नवा टर्बो घेतात. दोष दीड फुटाच्या पाइपाचा असतो.

आडव्या इंजिनाला जिप्सीचा गिअरबॉक्स जोडणार असाल तर मधल्या प्लेटवर सगळा डाव आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत ती कोणीही सुबक कापून देईल, बोल्टची भोकंही जुळतील. पण क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवेत. क्रँकच्या फ्लँजवर डायल गेज बसवा, काटा बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काट्याचा एकूण खेळ ०.१ मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. आमच्या पहिल्या गाडीत तो चाळीस घरं हलला, म्हणजे ०.४. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं, शनिवार होता आणि रविवारी गाडी न्यायची होती. लावून टाकली. सहाशे किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग दळायला लागलं. डॉवेल पिना काढून, प्लेट सरकवून, पुन्हा नव्या भोकात पिना ठोकणं हे एका दुपारचं काम होतं.

मधला शाफ्ट नवीन करताना त्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवा, आणि तीनेक अंशांच्या वर जाऊ देऊ नका. तो आखूड आहे आणि वेगाने फिरतो. बॅलन्स करूनच आणा.

ट्रान्सफर केस टांगलेल्या रबरांकडे पाहा. लो रेंजमध्ये टॉर्क तिथे पिळा देतो, आणि जुनी रबरं असली की केस अक्षरशः आपल्या जागेवर वळतो. नवीन रबरं आणि एक मजबूत पट्टी एवढ्याने काम होतं. एमहॉकच्या बॉक्सचा पहिला गिअर जिप्सीइतकाच धरून त्याचे २३० न्यूटन मीटर ३२ ने गुणले तर सात हजारांच्या वर जातात. दोन दगडांत चाक अडकलं आणि तुम्ही पाय दाबला, तर हा जोर कुठेतरी निघणारच. बहुधा पुढच्या एक्सलचा जॉइंट किंवा मागचा शाफ्ट जातो. म्हणून पाय हलका ठेवायचा, आणि एक जादा शाफ्ट गाडीत ठेवायचा.

जे विसरलं जातं

ब्रेक. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. डिझेलमध्ये तो मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. दात्याच्या इंजिनावर तो असतोच, त्याला बूस्टरचा पाइप जोडायचा एवढंच. पण ज्या गाडीत कोणी हे विसरलं होतं, ती मी एकदा उतारावर चालवली आहे. पेडल दगडासारखं. पुन्हा नको.

टाकी. आतून धुवा, पेट्रोलचा पंप काढा, डिझेल परत येणारा पाइप वेगळा करा, पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर लावा. आणि झाकणावर, बॉनेटवर, जिथे दिसेल तिथे "डिझेल" असं लाल रंगात लिहा. स्पर्धेच्या कॅम्पात अंधारात कोणीतरी मदतनीस जिप्सी बघून सवयीने पेट्रोलचा कॅन ओततो. कॉमन रेलच्या पंपाला डिझेलच वंगण असतं, पेट्रोल गेलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. रेलच्या पाइपातून बारीक गळती दिसली तर हात लावून बघू नका. हजार बारच्या वरच्या दाबाचं डिझेल कातडी फाडून आत जातं.

थंडावा. चिखलात गाडी चालते पायी चालण्याच्या वेगाने आणि इंजिन असतं पूर्ण भारावर. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावला तर रेडिएटरला गरम हवा मिळते आणि दोन्हीत चिखल भरतो. आम्ही दुसऱ्या गाडीत तो बॉनेटखाली वर घेतला आणि त्याला स्वतःचा छोटा पंखा दिला. रेडिएटरच्या इलेक्ट्रिक पंख्याला डॅशबोर्डवर बंद करायचं बटण हवं. ओढ्यात शिरताना पंखा फिरत राहिला तर पाण्यात त्याची पाती वाकतात आणि रेडिएटर फाडतात. लाल झालेला टर्बो घेऊन थेट गार पाण्यात उतरू नका. दोन-तीन मिनिटं उभं राहा, मॅनिफोल्डला तडा जात नाही आणि तेवढ्यात पाण्याची खोलीही काठीने मोजून होते.

टर्बोच्या आसपास वीतभर अंतरात ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, वायर, काहीही प्लॅस्टिक-रबरी नको. पत्र्याचा आडोसा करा. वायरिंग मात्र मिस्त्रीवर सोडू नका. ईसीयूची भाषा कळणारा, स्कॅनर बाळगणारा वायरमन सुरुवातीपासून बरोबर घ्या. दात्याची गाडी अजून चालू असतानाच त्याला बोलवा. कुठली वायर कशाला हे त्याने तिथे लिहून घेतलं, तर नंतरचे पंधरा दिवस वाचतात.

पाटे. डिझेल इंजिन जड, पुढचा भाग बसतो. एक पान वाढवा किंवा नवे पाटे टाका, नाहीतर ती कणकेची गोष्ट पुन्हा.

खर्चाचं विचाराल तर माझा अंदाज सांगतो. दात्याच्या गाडीला जेवढे गेले, निदान तेवढेच पुढच्या कामाला जातात. पहिल्या गाडीत आम्ही हे धरलं नव्हतं, म्हणून ती निम्म्यात चार महिने ताडपत्रीखाली उभी होती. वेळेचं विचाराल तर मिस्त्री सांगेल त्याच्या तिप्पट.

पहिले पाचशे किलोमीटर शेतात, आवारात, जिथे परतायला चालत जाता येईल तिथेच काढा. रोज संध्याकाळी खाली लोळून फाउंडेशनचे बोल्ट, शाफ्टचे बोल्ट, पाण्याचे क्लॅम्प तपासा. गरम-गार होऊन ते पहिल्या आठवड्यात सुटतात. तेल पहिल्याच पाचशेला बदला.

आणि काढलेलं जी१३बीबी भंगारात देऊ नका. आतलं तेल-पाणी काढा, सगळी तोंडं फडक्याने बंद करा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून क्रँक फिरवा आणि लाकडाच्या पाटावर, पावसापासून दूर ठेवा. आरसी बुकातला इंजिन नंबर त्याचाच आहे. ही गाडी पुन्हा कधी रस्त्यावर आणायची झाली, तर ती त्याच इंजिनावर येईल.